एड्स आला तेव्हा पुढारी काय करत होते?

जुना_आरोग्यसेवक | रविवार, सकाळी ९.०५

परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तुरीची पोती ठेवायला जागा पाहिजे होती, गृहमंत्र्यांचा हुकूम. पेटीतून माझी सगळी नोकरीच बाहेर आली. मलेरियाच्या काचपट्ट्या, कुष्ठरोगाची कार्डं, कुटुंब कल्याणाची चित्रं, आणि रबर वितळून चिकटलेली पोस्टरांची एक गुंडाळी. उलगडली तर तीच ती कवटी. काळ्यावर पांढरी कवटी, खाली लाल अक्षरांत 'एड्स म्हणजे मृत्यू'. ही पोस्टरं आम्ही एसटी स्टँडवर, ढाब्यांवर, जिनिंगच्या भिंतींवर चिकटवत फिरायचो. खळसुद्धा घरीच शिजवायचो.

नात सुट्टीत आली आहे. तिने पोस्टर पाहिलं आणि मोबाइलवर अमेरिकेच्या रेगनसाहेबांबद्दल काहीतरी वाचून दाखवलं. म्हणे, "आबा, माणसं मरत होती आणि राष्ट्राध्यक्ष चार वर्षं रोगाचं नाव घेत नाही?" मी म्हटलं, "बाई, आपल्याकडे तरी कोणी घेतलं?" आणि मग दिवसभर तेच डोक्यात.

आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत नागपूर-हैदराबाद रस्त्यालगतचं एक गाव होतं. नाव लिहीत नाही. तिथला एक पोरगा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, पुढे ड्रायव्हर झाला. १९९७ च्या पावसाळ्यात परत आला तो पोट पाठीला लागलेलं. तोंडात पांढरा थर, जुलाब थांबेनात. शहरातल्या एका दवाखान्याने केसपेपरवर लाल शाईने ठसठशीत लिहिलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. तो कागद एसटीत कंडक्टरपासून सगळ्यांनी वाचला. पेशंट पोचायच्या आधी बातमी गावात.

पोळ्याच्या आठवड्यात गेला. तिरडी बांधून झाली, उचलायला माणूस नाही. त्याचा भाऊ, मेव्हणा आणि मी, असे तीन खांदे. सरपंच पारावर उभे होते, हात पाठीमागे बांधून. ते एक पाऊल पुढे आले असते तर अर्धं गाव मागून आलं असतं. शेवटी ट्रॅक्टरची ट्रॉली आणली. ट्रॉलीवाल्याने नंतर ती नाल्यावर नेऊन फिनेलने तीन वेळा धुतली.

त्याच वर्षी १ डिसेंबरला आरोग्य केंद्रात जागतिक एड्स दिन. तालुक्याचे एक पुढारी प्रमुख पाहुणे. पंचवीस मिनिटं बोलले. पोलिओच्या डोसावर बोलले, कापसाच्या भावावर बोलले, चुकाऱ्याच्या थकबाकीवर तर फारच पोटतिडकीने बोलले. मागच्या बॅनरवर जो शब्द लिहिला होता, तो एकदाही तोंडातून निघाला नाही. उतरल्यावर मला म्हणतात, "समोर बायाबापड्या होत्या ना बाबू, त्यायच्यापुढं हे कसं बोलावं?"

तर प्रश्न असा. मोठे पुढारी, इथले आणि तिथले, त्या काळात काय करत होते? की सगळे आपापल्या पारावर हात मागे बांधून उभे होते? ज्यांचं वाचन आहे त्यांनी लिहा.

---

वैनगंगेपल्याड | रविवार, सकाळी १०.४०

काका, तुमच्या पारावरचंच दृश्य व्हाइट हाउसमध्ये घडलं, फरक एवढाच की तिथे टेप चालू होती.

५ जून १९८१ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद आली. धडधाकट माणसाला होऊ नये असा न्यूमोनिया. पाचही समलिंगी. ऑक्टोबर १९८२ मध्ये लेस्टर किन्सॉल्विंग नावाच्या पत्रकाराने सरकारी प्रवक्ते लॅरी स्पीक्स यांना विचारलं, या साथीवर राष्ट्राध्यक्षांचं काय म्हणणं आहे? स्पीक्स यांनी उत्तर दिलं ते थट्टेचं. "मला नाही बुवा झालेला, तुम्हाला झालाय का?" अशा वळणाचं. खोलीतले बाकीचे पत्रकार खिदळले. पुढच्या दोन वर्षांत याच गृहस्थाने आणखी विचारलं, आणि पुन्हा तेच हसू.

रेगन जाहीरपणे बोलले ते १७ सप्टेंबर १९८५ ला, तेही पत्रकार परिषदेत कुणी विचारलं म्हणून. त्यांचा जुना हॉलिवूडमधला स्नेही रॉक हडसन तेव्हा मरणपंथाला होता, २ ऑक्टोबरला गेला. या विषयावरचं पहिलं मोठं भाषण ३१ मे १९८७ ला. तोवर अमेरिकेत २०,००० च्या वर माणसं गेलेली.

मला त्या हसण्याचंच जास्त वाटतं. न बोलणं एक वेळ समजू शकतो. हसणं म्हणजे "ही आपली माणसं नव्हेत" असं भर सभेत सांगणं.

---

तिरपागडं | रविवार, सकाळी ११.१५

मला हे 'पुढारी बोलले नाहीत म्हणून माणसं मेली' प्रकरण पटत नाही. १९८१ साली कोणाला काय माहीत होतं? विषाणू सापडला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, बारे-सिनूसी आणि मोंतान्ये यांना. रक्ताची चाचणी आली १९८५ ला. एझेडटी हे औषध १९८७ मध्ये, आणि खरा फरक पडला तो १९९६ च्या तिहेरी औषधांनी. रेगनने रोज सकाळी रेडिओवर एड्स-एड्स केलं असतं तर काय विषाणू घाबरून पळाला असता? उलट १९८४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर बोलल्या, की दोन वर्षांत लस चाचणीला तयार होईल. चाळीस वर्षं झाली. पुढारी बोलले की हे असं होतं.

आणि काका, राग नसावा. सरपंच पारावर होते हे कळलं. तुम्ही स्वतः काय केलं?

---

जुना_आरोग्यसेवक | रविवार, दुपारी १२.०२

मी माझं काम केलं. गृहभेटी दिल्या, रजिस्टर भरलं. त्यावर नंतर बोलू.

---

वैनगंगेपल्याड | रविवार, दुपारी १२.३०

@तिरपागडं, औषध नव्हतं हे खरंच. पण औषध नसतं तेव्हा शब्दच औषध असतो ना? हा रोग कसा होतो आणि कसा होत नाही, एवढं सांगायला गोळी लागत नाही. १९८३ संपेपर्यंत पसरायचे मार्ग बऱ्यापैकी कळले होते.

आणि त्याच रेगन सरकारात उलट उदाहरण आहे. सर्जन जनरल एव्हरेट कूप. मुलांचे शल्यविशारद, कट्टर धार्मिक ख्रिश्चन, गर्भपाताचे विरोधक. माणूस 'आपल्यातला' म्हणूनच नेमलेला. त्याने ऑक्टोबर १९८६ मध्ये अहवाल काढला, त्यात निरोध हा शब्द होता, शाळेत लैंगिक शिक्षण द्या हे होतं. स्वपक्षीय हैराण. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या १० कोटींहून जास्त घरांत टपालाने पुस्तिका गेली. कूपचं म्हणणं साधं होतं: मी देशाचा डॉक्टर आहे, धर्मगुरू नाही.

ब्रिटनमध्ये आरोग्यमंत्री नॉर्मन फाउलर यांनी १९८७ मध्ये घरोघर पत्रक टाकलं, 'अज्ञानापायी मरू नका'. थॅचरबाईंना त्यातली भाषा फार उघडी वाटत होती. तरी ते गेलं. म्हणजे सरकारं तीच, पक्ष तेच, फक्त एकेका खुर्चीत बसलेला माणूस वेगळा.

---

ढाबा_नंबर_७ | रविवार, दुपारी १.५०

मी काही शिकेल-सवरेल माणूस नाही, पण युगांडाचं एक वाचलं होतं थे सांगतो. तिथला राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी. १९८६ मध्ये गादीवर बसला आन् लगेच गावोगाव जाऊन सभेत एड्सवर बोलू लागला. त्यायची घोषणा काय होती माहीत हाय? 'झीरो ग्रेझिंग'. मंजे ढोर दावणीले बांधून चारा घालायचा, चरायले सोडायचंच नाही!

बाप्पा, हे तं आपल्या वऱ्हाडातल्या कोन्याबी म्हाताऱ्याले एका मिनिटात समजलं असतं. दुसऱ्याच्या वावरात तोंड घातलं का कोंडवाडा. आमच्या ढाब्यावर थे कवटीवालं पोस्टर होतं. ड्रायव्हर लोक त्याच्याखाली बसून जेवत. एकानं इचारलं, "सेठ, हे करंटचं हाय का?" डीपीवर असते ना तशी कवटी. म्या म्हटलं हो, करंटचंच हाय, जेव तू.

---

तिरपागडं | रविवार, दुपारी २.०५

हे मात्र भारी. डीपीची कवटी =)) 

---

सेवाग्राम_रोड | रविवार, सायंकाळी ५.२०

आपल्या देशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आपल्याकडे सुरुवात झाली ती पुढाऱ्यांमुळे नाही, एका विद्यार्थिनीच्या प्रबंधामुळे. मद्रासच्या डॉ. सुनीती सोलोमन यांनी त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांना वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने तपासायला सांगितलं. बाई नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरला गेल्या. १९८६ ची गोष्ट. नमुने पॉझिटिव्ह निघाले. तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी विधानसभेत ते जाहीर केलं. हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे, कारण तोवर मोठमोठे लोक म्हणत होते की हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्या संस्कृतीत कुठून येणार. हांडेंनी दाबून ठेवलं नाही.

पुढचं मात्र वाईट. घाबरलेल्या सरकारला डॉक्टर आठवत नाही, पोलीस आठवतो. १९८८ मध्ये आयसीएमआरचे, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचे, तेव्हाचे महासंचालक ए. एस. पेंटल यांनी सुचवलं की परदेशी माणसाशी शरीरसंबंध ठेवायलाच कायद्याने बंदी करा. म्हणजे विषाणूला पासपोर्ट लागतो अशी समजूत! गोव्याने १९८७ मध्ये आपल्या आरोग्य कायद्यात बदल करून बाधितांना अलग डांबायची सोय केली. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, निघाला. १४ फेब्रुवारी १९८९ ला पोलिसांनी उचलला आणि एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस ठेवला. कुणी खून करून आला असता तर त्याला निदान गुन्हा काय ते सांगितलं असतं. आई लूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण अलग ठेवण्याची तरतूद न्यायालयाने योग्य ठरवली. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला.

दिल्लीतही १९८९ मध्ये राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक आलं होतं, त्याच थाटाचं, सक्ती आणि विलगीकरणाचं. ओरड झाली, १९९२ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, स्थापन झाली, जागतिक बँकेचं कर्ज आलं. तुमची पोस्टरं त्या काळातली असणार, काका.

आता जे सांगायला बसलो ते. आमच्या घरापासून आश्रम सायकलवर दहा मिनिटं. तिथे परचुरे शास्त्रींची कुटी आहे. महारोगी म्हणून कोणी जवळ करेना, ते आश्रमात आले, आणि गांधीजी स्वतःच्या हाताने त्यांना मालीश करायचे. लहानपणी शाळेच्या सहलीत हे दरवर्षी ऐकलं. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. म्हणजे रोग्याला हात लावणं ही काय चीज आहे, हे अख्ख्या देशात कुणाला ठाऊक असेल तर आपल्या दोन-तीन जिल्ह्यांना. आणि तरी काकांच्या गावात चौथा खांदा मिळाला नाही. मला याचं उत्तर सापडत नाही.

---

तिरपागडं | रविवार, सायंकाळी ५.५५

हात लावणं म्हणजे धोरण नव्हे. डायनाने एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या इस्पितळात हातमोजे न घालता हस्तांदोलन केलं, फोटो जगभर छापून आला. छान. पण इस्पितळं फोटोने चालत नाहीत. तेव्हाच्या आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी २००३ मध्ये केरळात एचआयव्ही असलेल्या मुलांना कवेत घेतलं. तेही छान. पण त्या लक्षात राहायला पाहिजेत त्या ३० नोव्हेंबर २००३ च्या घोषणेसाठी: सरकारी दवाखान्यात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, फुकट. १ एप्रिल २००४ पासून सुरू झालं. मिठीपेक्षा हे मोठं.

---

सेवाग्राम_रोड | रविवार, सायंकाळी ६.१०

मिठी आधी, गोळ्या नंतर. त्याच बाई, तेच वर्ष. काही संबंध नसेलच असं छातीठोक सांगाल?

---

सिस्टर_गडचिरोली | रविवार, रात्री ८.३०

ड्युटी संपवून आत्ता वाचलं. सगळे पुरुष भाषणांवर बोलत आहात, मी जरा खालची गोष्ट सांगते.

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गडचिरोलीतली दोन गावं, ६५० बाया तपासल्या. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा गुप्तरोग. आणि त्याआधी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. हे एड्स आपल्या गावात पोचायच्या आधीचं चित्र आहे. बाईच्या कमरेखालचं दुखणं हे दुखणंच धरत नव्हते. अंगावर पांढरं जातं हे ती सासूलाही सांगत नव्हती, तर पुढाऱ्याला कुठून कळणार?

त्यामुळे पुढारी "बायाबापड्यांपुढे कसं बोलावं" म्हणाले यात मला नवल वाटलं नाही. पण बायांना विचारून तर बघायचं. आम्ही झाडाखाली बसून बोलायचो तेव्हा सगळ्यात आधी म्हाताऱ्याच तोंड उघडायच्या, आणि काय एकेक बोलायच्या! लाज पुढाऱ्यालाच वाटत होती, नाव बायांचं.

आणखी एक. एचआयव्ही आधी बाईचाच सापडायचा, कारण पोटुशी असताना तपासणी तिची होते. मग "हिनंच आणला". नवरा चार वर्षं सिमेंट फॅक्टरीच्या ट्रकवर, आणि आणला हिनं.

---

(आयुर्वेदिक_रामबाण यांचा प्रतिसाद)

*संपादक: जाहिरात आणि फोन नंबर असल्याने काढून टाकला आहे. एचआयव्ही मुळापासून बरा करतो असे दावे इथे चालणार नाहीत.*

---

वैनगंगेपल्याड | रविवार, रात्री ९.१५

संपादकांचे आभार. आता निघालाच आहे तर, असाच रामबाण एका अख्ख्या देशाच्या सरकारने विकला होता. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी. शिकलेले, वाचणारे, स्वातंत्र्यलढ्यातले. एचआयव्हीने एड्स होतो यावरच त्यांनी शंका घेतली. आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू खा म्हणायच्या. आईकडून बाळाला होऊ नये म्हणून द्यायचं नेव्हिरापिनसुद्धा सरकार मोजक्याच दवाखान्यांत देत होतं. २००२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ते सगळीकडे द्यायला लावलं. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला, या अडेलतट्टूपणापायी ३,३०,००० च्या वर जीव गेले.

@तिरपागडं, विषाणू पुढाऱ्याला घाबरत नाही हे मान्य. पण औषध हाताशी असतानाही एक पुढारी ते आडवू शकतो, हे बघा.

त्याच भागातल्या झांबियात बघा. १९८७ मध्ये केनेथ कौंडा यांनी राष्ट्राध्यक्षपदावर असताना सांगून टाकलं, माझा मुलगा एड्सने गेला. मंडेलांनी तेच २००५ च्या जानेवारीत सांगितलं, स्वतःच्या मुलाबद्दल, पद सोडल्यावर. सत्तेत असताना आपण या रोगाकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, हेही ते नंतर कबूल करत.

---

निळी_डबी | रविवार, रात्री ११.४०

पहिल्यांदाच लिहीत आहे. आयडी नवीन काढला, कारण जुन्या आयडीवर ओळखीचे लोक आहेत.

बाबा गेले तेव्हा मी सातवीत. जिनिंगमध्ये होते. आई पॉझिटिव्ह, मी आणि भाऊ निगेटिव्ह. सासरच्यांनी सातबारावर आईचं नाव चढू दिलं नाही, म्हणे "तू तरी किती दिवस?" तलाठ्याने तिला खुर्चीवर बसू नको म्हणून सांगितलं. शाळेत पोषण आहाराची खिचडी मला वेगळ्या ताटलीत, ताटलीवर ऑइलपेंटचा ठिपका. मला तर रोग नव्हताच.

वर कोणी पुढारी महत्त्वाचे का गोळ्या महत्त्वाच्या म्हणून भांडत आहे, त्यांना सांगते. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ म्हणून जगाला सांगितलं. आधी ते १०,००० डॉलरच्या वर होतं. पेपरमध्ये बातमी आली होती, मामाने कापून ठेवली. पण ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजारांच्या वर. आमची चार एकर कोरडवाहू. मामा म्हणाला, "एक बैल विकला तर सहा महिने." एक बैल विकला. दुसरा विकायची पाळी येण्याआधी सरकारी सुरू झालं. नंतर नागपूरला केंद्र निघालं, तेव्हापासून दर महिन्याला पहाटेची पहिली एसटी.

म्हणून मी त्या घोषणा करणाऱ्या बाईंना मानते. त्यांचा पक्ष कोणता, बाकी विचार काय, मला घेणं नाही.

आई आज आहे. सातबारा पण झाला, वकील करून.

---

ढाबा_नंबर_७ | सोमवार, सकाळी ६.३०

ताई, वाचून गपच झालो.

---

तिरपागडं | सोमवार, सकाळी ८.४५

@निळी_डबी, ताई, लिहिल्याबद्दल आभार. मी भांडत होतो खरा.

तरी आपल्याकडच्या सत्ताधाऱ्यांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही, तेवढं लिहून थांबतो. २००२ च्या नोव्हेंबरात बिल गेट्स १० कोटी डॉलर घेऊन आले, तेव्हा आरोग्यमंत्री शत्रुघ्न सिन्हा होते. २०१० पर्यंत भारतात दोन-अडीच कोटी बाधित होतील असा अमेरिकी अंदाज फिरत होता, सिन्हा त्यावर भडकले, घबराट पसरवता म्हणाले. आम्ही तेव्हा त्यांना हसलो. पण २००७ मध्ये नव्याने मोजणी झाली आणि भारताचा आकडा ५७ लाखांवरून २५ लाखांवर आला. म्हणजे तो अंदाज फुगलेलाच होता, त्या बाबतीत गडी बरोबर निघाला. मात्र २५ लाख ही काही थोडी माणसं नव्हेत.

आणि २००७ मध्येच आपल्या महाराष्ट्राने काय केलं? शाळेत किशोरवयीन मुलांना जे शिकवायचं होतं, त्या लैंगिक शिक्षणावर विधानसभेत गदारोळ होऊन ते बंद केलं. देशात सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांतलं आपलं एक राज्य! २००३ मध्ये दिल्लीत खासदार-आमदार-जिल्हा परिषद अध्यक्षांची परिषद भरली, वाजपेयी स्वतः बोलले, आणि चार वर्षांनी हे. काकांचे पुढारी १९९७ मध्ये जे म्हणाले तेच दहा वर्षांनी विधानभवनात, फक्त माइक मोठा. इथे मी वैनगंगांच्या बाजूला आलो असं समजा.

---

सिस्टर_गडचिरोली | सोमवार, दुपारी २.१०

एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा आहे आता, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरी, शाळा, दवाखाना, कुठेही भेदभावाला बंदी, आणि परवानगीशिवाय कोणाची माहिती फोडायची नाही. केसपेपरवर लाल शाई चालत नाही. तरी मागच्या वर्षी एका फाइलवर कोपऱ्यात बारीक चांदणी काढलेली पाहिली. विचारलं तर म्हणे, "सहज." मी व्हाइटनर लावला.

---

सेवाग्राम_रोड | सोमवार, सायंकाळी ७.००

काका, धागा तुमचा आणि तुम्ही कालपासून गायब. त्या ड्रायव्हरच्या बायकोचं पुढे काय झालं?

---

जुना_आरोग्यसेवक | मंगळवार, पहाटे ४.५०

झोप येत नाही या वयात.

ती आहे. तिचीही तपासणी पॉझिटिव्ह आली होती. मधली काही वर्षं वाईट गेली, दोनदा टीबी झाला. मग गोळ्या सुरू झाल्या. आता तालुक्यालाच मिळतात. गावाबाहेर सव्वा एकर आहे, तूर-पऱ्हाटी करते, शेळ्या आहेत. तिच्या पोराचं लग्न झालं, पंगतीला सरपंचही होते. म्हातारे झालेत, काठी घेऊन. त्यांनी बुंदी दोनदा मागितली.

तिरपागडं यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुम्ही काय केलं. मी लिहिलं, माझं काम केलं. खांदा दिला हेही खरं आहे. पण त्याआधीचं लिहिलं नाही. तो खाटेवर होता तेव्हा मी आठवड्यातून एकदा जायचो. ओट्यावर उभा राहून बोलायचो. ती पितळी लोट्यात पाणी आणायची, वर पेला उपडा घालून. विदर्भातला पावसाळी उकाडा, मी दहा किलोमीटर सायकल मारत आलेलो, घसा कोरडा. आणि मी म्हणायचो, "आत्ताच पिऊन आलो, वहिनी." दर वेळी. प्रशिक्षणात मला सांगितलं होतं की पाण्यातून होत नाही. गावाला मीच सांगत होतो की पाण्यातून होत नाही. परतताना पुढच्या गावच्या हापशीवर पोटभर प्यायचो.

पाच-सहा वेळा झाल्यावर तिने लोटा आणायचा बंद केला.

परवा ती तुरीची डाळ घेऊन घरी आली होती, नवी, भरडून. माझ्या बायकोने चहा टाकला. मी तेव्हा माळ्यावरच होतो, पेटी काढत. ती खालून ओरडली, "भाऊ, शिडी धरू का?" आणि शिडी धरून उभी राहिली. गुंडाळी मी तिच्याच हातात दिली. तिने न उलगडताच जमिनीवर ठेवली.